चांदणी बंदरात

"दोन मुठी तांदूळ जास्त टाक गो," आई म्हणाली. "तुजा बापूस बंदराला लागलाय."

मी मोरीपाशी दात घासत उभी होते. ब्रश तोंडात तसाच राहिला. आईच्या केसांवर धुक्याचे बारीक थेंब बसले होते आणि तिच्या हातातली टोपली रिकामी होती. आई धक्क्यावरून रिकाम्या टोपलीनं परत आली, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दर्या खवळलेला असला तरी ती कुणाशी तरी भांडून चार बांगडे आणायचीच.

"काय म्हणालीस?"

"चांदणी लागलीय. बोरडावर आलंय, हिरवंगार. मी सोता बघून आलंय." तिनं टोपली पालथी घातली आणि पदरानं तोंड पुसलं. "धुकं लय हाय, होडी दिसत नाय अजून. विरलं म्हंजे दिसंल. तू तांदूळ टाक."

चांदणी ही माझ्या बाबांची होडी. पौषातल्या अशाच एका धुकट सकाळी ते एकटेच तिच्यातून गेले, "जाळं काढून येतो" म्हणाले, आणि आले नाहीत. होडी नाही, फळी नाही, वल्हं नाही. कासारखाडीच्या किनाऱ्याला त्यांचं म्हणून काही लागलं नाही. मी तेव्हा शाळेत होते. आईनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. गेलेल्याला रडायचं, उशीर झालेल्याला कशाला, असं तिचं म्हणणं.

आमच्याकडे रीत अशी, की हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग त्याचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि पुढचं सगळं यथासांग करायचं. बारा वर्षं होत आली, तसा शिरपतकाका दर अवसेला आमच्या ओटीवर येऊन बसू लागला. हा बाबांचा धाकटा भाऊ, मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. "वैनी, दादाला मोकळा करूया," म्हणायचा. आईचं उत्तर ठरलेलं: आधी बंदराला लागू दे, मग काय करायचं ते कर. सोसायटीच्या यादीतून चांदणीचं नावही तिनं खोडू दिलं नव्हतं. काकाची काय बिशाद होती!

मला बाबांपेक्षा आईची काळजी होती. बाबा गेलेच होते. पण होड्या परतायच्या वेळी आपण धक्क्यावर नसलो तर काय, या धास्तीनं ही बाई बारा वर्षांत एक रात्र गावाबाहेर राहिली नव्हती. भावाच्या मुलीच्या लग्नाला गेली तर अक्षता टाकून जेवणाआधी एस्टी पकडली. माझ्या रत्नागिरीच्या खोलीचं दार तिनं पाहिलं नव्हतं. जिवंत माणूस धक्क्याला दोरखंडानं बांधून ठेवलेला मला पाहवत नव्हता, आणि तो सोडवायचा कसा तेही कळत नव्हतं.

आणि आता ती चुलीपुढे बसून सांगत होती, की बापूस आलाय.

मी कॉम्प्युटर शिकलेली बाई. मी तांदूळ टाकले. दोन मुठी जास्त टाकले.

मग आम्ही दोघी धक्क्याकडे निघालो. धुकं इतकं दाट होतं, की माडांचे बुंधे तेवढे दिसत होते आणि झावळ्या कुठे तरी वर हरवल्या होत्या. आई पुढे, मी मागे. तिच्या पायांखाली वाळू करकरायची तेवढ्यावरून मी चालत होते. या धुक्याच्या पोटात कुठे तरी लाकडाला पाणी चुबुकचुबुक लागत होतं. मला विडीचा वास आला, बाबांच्या विडीचा. तो कुणाच्याही विडीचा असू शकतो हे मला माहीत होतं, तरी मी थांबून तो पोटभर घेतला. मला वाटलं, आता ते दिसतील. लुंगी वर खोचलेली, हातात दोराचं वेटोळं. मला बघून म्हणतील, "केवढी गो झालीस?" आणि मग मी काय सांगू? शाळा संपली, कॉलेज संपलं, नोकरी लागली, चष्मा लागला. कुठून सुरुवात करायची, याचाच मी विचार करत होते. खरं-खोटं काही नव्हतंच त्या वाटेवर. अशी सुखाची चाल मी पुन्हा कधी चालले नाही.

धक्का जवळ आला तसा गलका ऐकू आला. सोसायटीच्या भिंतीवर तो नवा बोर्ड धुक्यात उजळला होता, रंगीबेरंगी, जत्रेतल्या पाळण्यासारखा.

त्या बोर्डासाठीच मी गावी आले होते. रत्नागिरीतली आमची कंपनी म्हणजे ओगलेसर, आम्ही चौघं आणि कायम ठिबकणारा एसी. आम्ही सोसायटीसाठी एक प्रोग्रॅम केला होता. प्रत्येक होडीवर एक छोटी पेटी बसवायची, तिनं खबर पाठवायची आणि कुठली होडी कुठे आहे ते बोर्डावर दिसायचं. बंदरात असेल तर हिरवं, समुद्रात असेल तर निळं, परतीच्या वाटेवर पिवळं, संकटात लाल. आणि जिची काहीच खबर नाही ती बेपत्ता, पांढरी. बोर्ड बनवला होता कोल्हापूरच्या शिंत्र्यांनी. दहा वाजता नारळ फुटायचा होता, म्हणून शिंत्र्यांनी उजाडताच तो चालू करून बघितला होता.

बोर्डाखाली बायकांचा घोळका होता आणि मधोमध शिरपतकाका सापडला होता.

"आता काय सांगायचं तुला!" सुंदराबाई वासावे त्याच्या तोंडासमोर मोबाइल नाचवत होती. तिचा मुलगा बाहेर होता. "आत्ता माजा पोरगा बोलला माज्यासंगट. डिझेलसाठी शिव्या देत होता. नि तुमचा बोरड म्हंतो बेपत्ता? तुमच्या तोंडात किडे पडोत!"

"मावशी, जरा दमानं..."

"माज्या घरच्यांचा फोन लागत नाय," पलीकडची एक तरणी बाई म्हणाली. तिला ओरडायचंही सुचत नव्हतं. कडेवर पोर घेऊन ती नुसती त्या पांढऱ्या अक्षरांकडे बघत होती. दूर गेलेल्या होड्यांना फोन लागतच नाहीत, पण पांढरी अक्षरं समोर दिसत असताना ते कुणाला सांगणार!

मी बोर्ड वाचत गेले. बेपत्ता, बेपत्ता, बेपत्ता. बाहेर गेलेली एकूण एक होडी बेपत्ता. मग शिरपतकाकाची होडी: समुद्रात. ती माझ्यापासून चार हातांवर धक्क्याला बांधलेली होती आणि तिच्यावर एक मांजर झोपलं होतं. आणि शेवटून दुसरी ओळ: चांदणी, बंदरात. पूर्ण बोर्डावर हिरवी तेवढीच एक.

माझ्यातली मुलगी अजून धुक्यात डोळे फाडून बघत होती. पण नोकरी करणारी बाई जागी झाली होती, आणि मला तिचा राग आला.

आई बोर्डाकडे बघायला थांबलीच नव्हती. ती सरळ धक्क्याच्या टोकाशी, बाबा होडी बांधायचे तिथे जाऊन बसली होती. मी सोसायटीच्या ऑफिसात गेले. शिंत्रे लॅपटॉपसमोर घामाघूम होऊन बसले होते. शेजारी पोह्यांची बशी होती, पण त्यांना खायचं सुचत नव्हतं.

"शिंत्रे, होडीच्या स्थितीचे आकडे तुम्ही कुठून घेतले?"

"तुमच्याच पानावरनं की ओ मॅडम! मी काय मनानं रंग भरलोय व्हय?"

त्यांनी पान उघडून दाखवलं. हे पान माझ्या ओळखीचं होतं. ओगलेसरांना कागदपत्रं लिहायचा भारी कंटाळा, म्हणून त्यांनी एक साधन बसवलं होतं. ते आमचं कोड वाचायचं आणि त्यातल्या एकेका गोष्टीचं आपोआप पान तयार करायचं. एखाद्या गोष्टीच्या ठरावीकच अवस्था असल्या, तर त्या पानावर त्या अवस्थांची नावं एकाखाली एक यायची आणि प्रत्येकीसमोर आम्ही कोडमध्ये लिहिलेली एक ओळ. मला ती पानं आवडायची. दुपारी एसी ठिबकत असताना मी ती उगाच वाचत बसायची. जगात काय काय होऊ शकतं हे एका पानावर मावतं, आणि त्याबाहेर काही घडत नाही, याचा मला मोठा आधार वाटायचा. चार नावांसमोरच्या ओळी मी एका दमात लिहिल्या होत्या. 'बेपत्ता'समोर मात्र काही सुचेना. दोन दिवस कर्सर लुकलुकत राहिला आणि ती जागा कोरीच गेली. साधनानं ती तशीच छापली होती.

"यात आकडे कुठे आहेत?" मी विचारलं.

"न्हाईतच की. म्हणून वरनं मोजलं. शून्य, एक, दोन, तीन, चार." शिंत्र्यांनी नावांवरून बोट फिरवलं. बंदरात, बेपत्ता, परतीच्या वाटेवर, समुद्रात, संकटात.

इथेच सगळं उलगडलं. आमचा प्रोग्रॅम बोर्डाला शब्द पाठवत नाही, आकडा पाठवतो. कोडमध्ये नावं मराठीच होती, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, आणि त्यांचा क्रम आमचा होता: आधी बेपत्ता, कारण काहीच कळलं नाही तर शून्य, मग समुद्रात, परतीच्या वाटेवर, बंदरात, शेवटी संकटात. होडीच्या दिवसासारखा क्रम. पण पान बनवणाऱ्या साधनाला त्या दिवसाशी काय देणंघेणं? वेगळं काही सांगितलं नाही तर ते नावं एबीसीडीप्रमाणे लावतं, आणि आकडेही छापत नाही. त्यामुळे 'बंदरात' सगळ्यात वर जाऊन बसलं होतं, शून्याच्या जागी. चांदणीची खबर नाही म्हणून आमच्याकडून शून्य गेला आणि बोर्डानं ती बंदरात लावली, आणि समुद्रातल्या होड्यांचा एक त्यानं बेपत्ता म्हणून वाचला.

"पण तुम्ही तपासलं नाही?"

"तपासलं न्हाई कसं? होडीवर लाल बटण दाबलं, संकट आलं. परतीला लावलं, परतीचं आलं. महत्त्वाचं दोन्ही बरोबर आलं म्हटल्यावर..."

तीच दोन नावं नेमकी दोन्ही क्रमांत एकाच जागी होती. नशीबही कधी कधी असं साळसूदपणे हसतं. मी त्यांना समजावलं. शिंत्र्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, मग आकडा छापायचा की शेजारी!"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी नव्या मुलांना अजून तेच बजावते, आणि ती अजून मान डोलावून विसरतात.

"लगेच करतो बघा," शिंत्रे म्हणाले आणि त्यांनी बोटं पुढे केली. "नावं जागच्या जागी लावली की झालं."

"थांबा," मी म्हणाले. "मी आल्याशिवाय हात लावू नका."

"बाहेर बाया मला खांबाला बांधतील ओ!"

"लगेच येते."

मी धावतच टोकाशी गेले. धुकं विरायला लागलं होतं. पाण्यावर एक एक गोष्ट उगवत होती: आधी तरंगणारं एक पिंप, मग खाडीपलीकडची खडकाची रेघ, मग आईच्या समोरची जागा. तिथे पाणी होतं. आई ते बघत होती.

मी तिच्या शेजारी बसले. 

"बोरड चुकलाय ना?" तिनंच विचारलं.

"हो, आई."

"मला वाटलंच. सुंदराचा पोरगा पहाटेचा माज्यासमोरून गेला, त्याला म्हंतो बेपत्ता. मग आमची कशी खरी असंल?"

"मग तू मला तांदूळ टाकायला..."

"टाकलेस ना? मग झालं तर." ती पाण्याकडेच बघत होती. "बारा वर्सं मला वाटायचं, होडी लागली का मी धावत सुटन. आज ते हिरवं बघितलं नि माजे पायच बसले. आनंद नाय गो झाला. झोप आली. इतकी झोप आली, वाटलं, संपलं एकदा, आता घरी जाऊन आडवं व्हावं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "वाईट हाय ना मी?"

"नाही गं आई."

"तुजा बापूस येतोय म्हटल्यावर बायकोला झोप येते?"

मी तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. मागून सुंदराबाईचा आवाज आला, आणि त्या तरण्या बाईचं पोर रडायला लागलं.

"ते आता बोर्ड नीट करणार आहेत," मी म्हणाले. "लगेच करायला हवा. बायका घाबरल्यात. पण तो नीट केला की चांदणी परत..."

"बेपत्ता," आई म्हणाली. माझ्या जिभेवर येईना तो शब्द तिनं उच्चारला.

मग तिनं गुडघ्यावर हात टेकला आणि उठली.

"मग आधी तिचं नाव काढ."

"काय?"

"यादीतून काढ. हिरवी हाय तोवर काढ, नि मग बाकीच्यांचं नीट कर. बंदराला लागलेली होडी लोक इकतात, मोडतात, यादीतून काढतात, कोण काय म्हंतं? पण आता परत दर्यात नको धाडूस तिला. एकदा आली ना? मग बस झालं."

"आई, ती खरी आलेली नाही."

"मला काय ते कळत नाय?" ती पहिल्यांदाच ओरडली. "बारा वर्सांत लाकूड कुजतं, माणसाचं काय घेऊन बसलीस! पण मी बघितलंय हिरवं. माज्या डोळ्यांनी बघितलंय. तेवढं मला पुरंल. तू काढ."

आम्ही परत आलो तेव्हा शिरपतकाका ऑफिसच्या दारात बायकांना अडवून उभा होता. आईनं त्याला बाजूला सारलं.

"शिरपत, चांदणीचं नाव खोडायला सांग पोरीला."

काकाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ज्या होकारासाठी त्यानं दर अवसेला आमची ओटी झिजवली, तो असा उभ्याउभ्या मिळाला. "वैनी," एवढंच म्हणाला, आणि गळ्यातल्या पंच्यानं डोळे पुसायला लागला.

"नि अवसेला काय करायचं ते कर. पुतळा, बितळा, सगळं." आई म्हणाली. "आता तो बंदरात हाय."

मी शिंत्र्यांचा लॅपटॉप ओढला. यादी उघडली. चांदणी, मालक हरेश्वर जाक्कर. बोट टेकवताना मला बाबांचा चेहरा आठवायचा होता, पण आठवली ती त्यांची पाठ, धुक्यात वल्हं मारत जाणारी. मी नाव काढलं. बाहेर बोर्डावर ती हिरवी ओळ विझली आणि खालची ओळ एक घर वर सरकली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग मी शिंत्र्यांना मान हलवून खूण केली.

बोर्ड क्षणभर काळा झाला. पुन्हा लागला तेव्हा तो निळा होता, वरपासून खालपर्यंत, मधे चारदोन हिरव्या ओळी. समुद्रात. समुद्रात. समुद्रात. बायकांनी एकच कल्ला केला. सुंदराबाईनं शिंत्र्यांच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला आणि लगेच त्यांना दुपारी जेवायला यायचं आवतण दिलं. ती तरणी बाई पोराला उंच उचलून नवऱ्याच्या होडीचं नाव दाखवत होती. "हे बघ, तुजा बाबा," ती हसत म्हणाली.

तेवढ्यात आई रडायला लागली.

नुसते डोळे गळत नव्हते. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि नवरा गेलेली बाई रडते तशी, बाबांचं नाव घेऊन, हेल काढून, सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी रडली. बारा वर्षांचं अडलेलं ते एका दमात बाहेर आलं. मी तिला सावरायला वाकले नाही. मला इतकं दुःख झालं होतं, आणि इतकं बरंही वाटत होतं, की माझ्यानं हलवेना.

बायका हसायच्या थांबल्या. सुंदराबाईनं मोबाइल कमरेला खोचला. मग एकेक करून त्या सगळ्या आल्या आणि माझ्या आईभोवती बसल्या, मयताच्या घरी बसतात तशा.

शिंत्रे खिडकीतून डोकावले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आवाज होता होईल तेवढा लहान करून त्यांनी विचारलं, "मॅडम, आता बघा बरं. बरोबर हाय का?"

मी बोर्ड पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"हो," मी म्हणाले. "आता बरोबर आहे."